बारा चादरी आणि एक फुली

बुधवार, २३ फेब्रुवारी १९५५

आजपासून उपासकाळ. कपाळाला राख लावता लावता फादर मार्कादे हळूच म्हणाले, "ओनोरिन, यंदा लोणी सोडू नकोस."

मी दरवर्षी ईस्टरपर्यंत लोणी सोडते. देवाचं देवाला पोचतं, आणि घरातही बचत होते. "मग काय सोडू, फादर?"

"कुरकुर सोड. नवऱ्याला चकार शब्द बोलायचा नाही. फारच जीव गुदमरला तर कागदावर लिही."

किराणा हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. शाळेची शेवटची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले होते, त्याचा आता हा असा उपयोग!

फादरांनी मुहूर्तही बरोबर साधला. कालच आन्सेल्म पॅरिसहून ट्रंकेसकट घरी आला. बावीस वर्षं ज्या थिएटरात हा माणूस लोकांना हसवत होता ते विकलं गेलं. तिथे मोटारींचं गॅरेज होणार आहे. मला वाटलं, बिचारा आता रडेल. तर आज सूप पिता पिता म्हणतो, "ओनोरिन, मी सिनेमा काढतोय. गोष्ट माझी, काम माझं, दिग्दर्शनही माझंच."

मी पावाचा तुकडा मोडला.

"काही म्हणत नाहीस?"

"उपास आहे."

माझा भाऊ ऑक्ताव्ह याचं फालेजला लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे-बिजागऱ्यांच्या काउंटरवर माणूस हवाय म्हणून त्याने आन्सेल्मसाठी निळा एप्रन खुंटीला लावूनच ठेवलाय. आन्सेल्मने त्याला शब्द दिला आहे: नाताळाआधी सिनेमा लोकांपुढे येईल. लोक हसले तर ठीक. नाही हसले तर एप्रन घालीन, आणि पुन्हा विनोदाचं नाव काढणार नाही.

हे सांगताना तो हसत होता, पण त्याचं सूप तसंच गार झालं.

खरं लिहायचं तर मी दोन्ही बाजूंनी प्रार्थना केली. एकदा, लोक हसू देत अशी. आणि एकदा, काउंटर लवकर मिळू दे अशी. कुमारी मरियेने काय ते ठरवावं.

मला स्वतःला आन्सेल्म विनोदी वाटतो का, हे मला सांगता येणार नाही. मी त्याला रंगमंचावर दोनदाच पाहिलं. लोक पोट धरून हसत होते. मी त्याच्या पँटच्या गुडघ्याकडे बघत होते. रफू उसवलं होतं.

शनिवार, १९ मार्च

सुतारांचे संत योसेफ यांचा सण. आणि आजच आन्सेल्मने माझ्या कपाटावर डोळा ठेवला.

सिनेमाची गोष्ट अशी: एका माणसाला बायकोचं लग्नातलं कपाट एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं आहे. मी विचारलं, "मग?" म्हणाला, "मग काही नाही. तो पोचत नाही."

माझं कपाट! मी जन्मले त्या वर्षी आजोबांनी ओक तोडून लाकूड सुकायला ठेवलं होतं. दारांवर कबुतरांची जोडी आणि फुलांची परडी. चव्वेचाळीस साली बाँब पडले तेव्हा आमचं घर कोसळलं आणि विटांच्या ढिगात हे कपाट उभं राहिलं, आत बारा चादरी घडी न मोडता. डाव्या पायावर एक ओरखडा, बस्स. चादरींवर माझ्या माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर आईने सुईदोऱ्याने भरलं आहे. आम्हाला मूलबाळ नाही. जे काही आहे ते या कपाटात आहे.

मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. आन्सेल्म घाईघाईने म्हणाला, "जवळून दाखवायला तुझं. नदीत पडायला नक्कल! वोक्लाँ सुतार करून देतोय, हलक्या लाकडाची."

"नदीत पडायला?"

"नक्कल गं, नक्कल."

नऊ वेळा 'प्रणाम मरिया' ही प्रार्थना म्हटली तेव्हा तोंड उघडण्याची सोय झाली.

सोमवार, १८ एप्रिल

ईस्टर झाला, म्हणजे कुरकुरीला परवानगी आहे. पण वहीची सवय लागली.

चित्रीकरण सुरू झालं. मी रोज सूपाचं पातेलं घेऊन जाते, कारण दहा माणसांना खाणावळीत जेवू घालणं म्हणजे पैसे ओर्न नदीत सोडणं. चमचे मोजून देते, मोजून घेते.

कॅमेरावाला बाझिर पॅरिसचा आहे. काडीसारखा, तीन वाट्या सूप पितो. कामात मात्र लक्ष नाही. आन्सेल्म हातगाडीवरून पडत होता तिकडे, आणि बाझिरच्या यंत्राचं तोंड आमच्या पातेल्याकडे. मी म्हटलं, "अहो, नवरा तिकडे पडतोय!"

"हो मादाम, भिंतीवरचा उजेड तपासतोय."

भिंत माझ्या मागे होती. दिवसभर तपासली.

गुरुवार, ५ मे

योलांद नावाची नटी आली आहे. नदीकाठी कपडे धुणारी मुलगी तिला करायची आहे. स्वभावाने गरीब आहे, पण पोटऱ्या उघड्या. मला रात्रभर काळजी.

आपल्या चर्चच्या दारावर दर रविवारी यादी लागते: कुठला सिनेमा सर्वांनी पाहावा, कुठला फक्त मोठ्यांनी, कुठला ख्रिस्ती माणसाने पाहूच नये. 'सर्वांसाठी' याच्या खालचा सिनेमा मी आयुष्यात पाहिलेला नाही. उद्या माझ्याच नवऱ्याचा सिनेमा यादीच्या तळाशी लागला तर? मला तो बघताही येणार नाही, आणि बेकरीवाली कशी बघेल माझ्याकडे!

सेफ्टी पिना घेऊन गेले. योलांदला म्हटलं, "हे बघ मुली, देवाने गुडघे प्रार्थनेसाठी दिलेत."

"मादाम, मी धुणं धुतेय. भिजेल ना झगा!"

"वाळेल. आत्मा वाळत नाही."

चार पिनांनी झगा घोट्यापर्यंत उतरवला. बाझिरने तेव्हाही यंत्र चालू ठेवलं होतं. माझ्याच्याने राहवेना. "फुकट घालवताय फिल्म!"

"शपथ मादाम, एक फूटही फुकट जात नाहीये," म्हणाला आणि रुमालात तोंड खुपसलं. त्याला शिंकांचा त्रास आहे.

रविवार, २२ मे

आतापर्यंतचं चित्रीकरण काल चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये लावून पाहिलं. मला आत घेतलं नाही. आन्सेल्म म्हणाला, "तू पाहिलंस तर तुझा तो सहजपणा..." आणि थांबून म्हणाला, "हॉल थंड आहे, सर्दी होईल."

बाहेर बाकावर मोजे विणत बसले. आतून अर्धा तास कुणाच्या हसण्याचा आवाज नाही. मग एकदा मोठा हशा, मग पुन्हा शांत. आन्सेल्म बाहेर आला तो राखेसारखा. घरी येताना म्हणाला, "मी पडतो, आणि लोकांना वाटतं मला लागलं असेल. रंगमंचावर असं कधी झालं नाही."

"मग तो हशा कशाला होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. तेवढ्यात मला त्याच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं, आणि तो विषय राहून गेला.

मंगळवार, ७ जून

उद्या नदीचा प्रसंग. माझं कपाट आज वोक्लाँच्या कोठारात नेलं होतं, चादरींसकट, दार उघडल्याचं जवळून दाखवायला. आता दोन्ही कपाटं शेजारी शेजारी उभी आहेत. वोक्लाँने नक्कल अशी केली आहे की कबुतरं तीच, परडी तीच. मीसुद्धा घटकाभर चकले.

पण कोठारात धूळ किती! खोटं झालं म्हणून काय, चार माणसांत जाणाऱ्या कपाटाने धुळीत जायचं? एकटीने दोन्हींना मेण लावून चकचकीत केलं. एकाच्या मागच्या फळीवर कुणीतरी खडूने भली मोठी फुली मारून घाण करून ठेवली होती. ओल्या फडक्याने पुसून काढली. हल्ली कुणाला वस्तूची किंमत नाही.

कोठाराच्या दारात बाझिर उभा होता. उजेड तपासत होता.

बुधवार, ८ जून

जमेल तसं लिहिते.

सकाळी मी योलांदच्या झग्याला पिना लावत होते. चार हमाल कपाट घेऊन आले. एक म्हणत होता, "नक्कल असून काय वजन आहे हो!" दुसरा म्हणाला, "सिनेमावाले खोट्यालाही खरं वजन घालतात." मी मनात म्हटलं, वोक्लाँने लाकूड वाया घालवलं.

कपाट हातगाडीवर, हातगाडी उतारावर, आन्सेल्म मागे. ठरल्याप्रमाणे त्याचा पाय घसरला, गाडी सुटली, कपाट पाण्यात गेलं आणि ठरल्याप्रमाणे आन्सेल्म वर चढून बसला. दोघे हळूहळू पुलाकडे वाहत चालले. कुणी हसलं नाही. मीही दगडावर बसून निवांत चमचे मोजत होते.

तेवढ्यात लाटेने कपाट फिरलं आणि डावा पाय वर आला. ओरखडा.

मग दार उघडलं. पहिली चादर बाहेर आली. आईने भरलेलं अक्षर उन्हात स्पष्ट दिसलं. मग दुसरी, मग तिसरी, एकामागून एक, जशा चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला निघालेल्या नन.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने आठवतं. मी पाण्यात होते. झगा कुठवर धरला होता ते देव जाणे. बाबा घोडी अडली की तिला जो शब्द म्हणायचे तो कुणीतरी मोठ्याने ओरडलं. तो आवाज माझा होता. एकेक चादर पकडायची, पिळायची. पण पिळलेली चादर तशीच बोळा करून टाकणार कशी? चादर आहे ती! कपाट तोवर वाळूत रुतून थांबलं होतं. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दोन कोपरे वर आन्सेल्मकडे फेकले.

"धर!"

"ओनोरिन, आधी बाहेर नीघ! थंडी—"

"कोपरे धर म्हणते ना! ताण! ... अरे उलटी बाजू! अक्षर वर यायला हवं, अक्षर!"

"अक्षर दिसत नाहीये मला!"

"लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून दिसत नाही?"

त्याने कपाटावर उभं राहून, मी पाण्यात उभी राहून, बाराच्या बारा घड्या केल्या. अकराव्या चादरीला तो पाण्यात पडला. मी म्हटलं, घडी मोडलीस, पुन्हा वर चढ. तो चढला.

काठावरचा एकही माणूस मदतीला आला नाही. सगळे जमिनीवर वाकून बसले होते. भीतीने पाय गेले असतील. बाझिरचा हात यंत्राच्या बटणावर आखडला असावा, कारण यंत्र चालूच राहिलं.

शनिवार, ११ जून

चादरी वाळल्या. कपाटाची दारं फुगली आहेत, पण उभं आहे. दुसऱ्यांदा वाचलं.

आज पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, "कोणता शब्द, मुली?" मी कुजबुजत सांगितला. जाळीपलीकडे त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की बराच वेळ बोलताच येईना. घरून मधाची बाटली पाठवली.

वोक्लाँ शपथेवर सांगतो की नकलेच्या पाठीवर त्याने स्वतः खडूने फुली मारली होती, हमालांना कळावं म्हणून. आन्सेल्म म्हणाला, "मग ती गेली कुठे?" मी म्हटलं, "लोक बेपर्वा असतात," आणि बटाटे सोलायला घेतले.

हे इथे लिहिते. जाळीपाशी सांगितलं नाही, कारण स्वच्छता हे पाप नव्हे. वोक्लाँशी मात्र मी बोलणं बंद केलं आहे. त्याचं तोंड पाहिलं की मला बरं वाटत नाही.

मंगळवार, २० सप्टेंबर

आन्सेल्म सिनेमा जोडायला पॅरिसला होता, तो दोन दिवसांसाठी आला. वजन उतरलंय. एक कागद पुढे ठेवून म्हणाला, "यावर तुझी सही लागेल. पण आधी मला तुला काही सांगायचं आहे."

मी न वाचता सही करणाऱ्यांतली नाही. दोन्ही पानं वाचली. 'सदर व्यक्तीची प्रतिमा पडद्यावर दाखविण्यास हरकत नाही' असं होतं. कपाटाला व्यक्ती म्हणायचं म्हणजे वकिलांचं डोकं! पण मालकीण मीच, तेव्हा सही केली.

"ओनोरिन, तू ऐक तरी. त्या नदीच्या प्रसंगात—"

"त्या प्रसंगाचं नाव काढू नकोस. तो भाग कापला असशीलच."

त्याने सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "तो भाग नसेल तर एप्रन आहे."

मला वाटलं, नवा एप्रन शिवायला सांगतोय. घरात दोन आहेत.

रविवार, २० नोव्हेंबर

चर्चच्या दारावर लागलं!

वरून वाचत आले. आन्सेल्मचा सिनेमा पहिल्याच रांगेत, 'सर्वांसाठी'. पण खाली बारीक अक्षरात: 'नदीवरील प्रसंगी एक ग्रामीण स्त्री गुडघ्याच्या वर वस्त्र उचलते व एक असभ्य शब्द उच्चारते. लहान मुलांसोबत मोठ्यांनी असावे.'

योलांद! चार पिना लावूनही! आणि वरून असभ्य शब्द! तिच्या नावाने मेणबत्ती लावली. मिस्सेनंतर बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. बेकरीवालीने पावावर एक गोड पाव फुकट दिला आणि म्हणाली, "काय हो मादाम तुर्झीस, पाणी गार होतं का?" बाई कधीकधी असंबद्ध बोलते.

पुढच्या रविवारी दुपारी आपल्याच पॅरिश हॉलमध्ये पहिला खेळ. ऑक्ताव्ह फालेजहून येणार आहे.

रविवार, २७ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

हॉल भरलेला. माझ्या डाव्या हाताला आन्सेल्म, उजवीकडे ऑक्ताव्ह, त्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेला एप्रन. माणूस घाई करतो म्हणजे किती!

दिवे गेले. आन्सेल्म पडद्यावर आला, पडला. कुणीतरी खोकलं. पुन्हा पडला. कुणीतरी लाकडी खुर्ची सरकवली. आन्सेल्मने माझा हात धरला. त्याचा हात माशासारखा गार. ऑक्ताव्हचा कागद खसखस वाजला. मी जपमाळ काढली, आणि या वेळी एकाच बाजूने प्रार्थना केली. काउंटरचं नाव घेतलं नाही.

मग पडद्यावर एक भिंत आली आणि भिंतीपुढे एक बाई चमचे मोजताना. मोजून झाल्यावर एका माणसाच्या तोंडातला चमचा काढून तिने तो पुन्हा मोजला. हॉल खदखदला. मी ऑक्ताव्हला म्हटलं, "कोण रे ही कंजूष?"

"तूच आहेस, अक्का."

माझा एप्रन होता. माझी चाल होती. मी अशी चालते? मग मी योलांदच्या झग्याला पिना लावत होते आणि तोंडाने प्रार्थना पुटपुटत होते. मग मी कोठारात. पाठमोरी, गुणगुणत, फडकं घेऊन, खडूची भली मोठी फुली पुसत होते.

मागच्या रांगेत वोक्लाँ सुतार बसला होता. तो ओरडला, "बघा! बघा! मी म्हणत नव्हतो?" त्याला टाळ्या पडल्या.

मी उठले. आन्सेल्मने हात सोडला, अडवलं नाही. मधल्या वाटेपर्यंत गेले, तेवढ्यात नदी आली. गुडघे. तो शब्द. अख्खा हॉल कोसळला. फादर मार्कादे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना पुन्हा तो खोकला सुरू झाला, आणि तेव्हा मला कळलं की मध वाया गेला.

मला दाराबाहेर जायचं होतं. पण पडद्यावर चादर निघाली होती, आन्सेल्मने तिचा भलताच कोपरा धरला होता, आणि डोळ्यांदेखत असलं कोण बघेल?

"उलटी बाजू!" मी हॉलमध्ये ओरडले.

"उलटी बाजू!" पडद्यावरची मी ओरडले.

इतका हशा मी जन्मात ऐकला नाही. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून रडत होते. ऑक्ताव्हने डोळे पुसायला जे हाती लागलं ते घेतलं, एप्रन होता.

मी वाटेतच उभी राहिले आणि पडद्यावर आन्सेल्मकडे पाहिलं. तो कपाटावर उभा होता, ओलाचिंब, घडी छातीशी धरून, आणि खाली पाण्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होता. तो विनोद करत नव्हता. असा तो माझ्याकडे बघतो, हे बावीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं. मी दरवेळी गुडघ्याकडे बघत असे.

मग अकरावी चादर आली, तो पाण्यात पडला, आणि मी हसले. सगळ्यात शेवटी, एकटीच, मोठ्याने. लाज वाटली, पण थांबवता आलं नाही.

खेळ संपल्यावर ऑक्ताव्हने ओला एप्रन माझ्या हातात दिला. "ठेव, अक्का. काउंटरला दुसरा माणूस बघतो." जाड, चांगलं कापड आहे. धुऊन वोक्लाँला नेऊन देणार, सफरचंदाच्या केकसोबत. काय बोलायचं ते वाटेत ठरवीन.

घरी येताना पुलावर आलो. आन्सेल्म खाली मान घालून चालत होता. शेवटी म्हणाला, "काही म्हणत नाहीस?"

नाताळाआधीच्या चार रविवारांतला आज पहिला, पुन्हा उपासकाळ लागला. मला ते म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "ती फुली मी पुसली होती."

"माहीत आहे. जूनमध्येच फिल्म धुऊन आली तेव्हा पाहिलं."

सहा महिने मी सुतारावर रुसले होते, बटाटे सोलत होते, विषय बदलत होते. आणि हा शेजारी बसून सूप पीत होता.

"मग इतके दिवस एका शब्दाने बोलला नाहीस?"

आन्सेल्मने टोपी नीट केली.

"उपास होता," म्हणाला.